मामांच्या डोक्यावरची माती

डोळा लागता लागता महादेवीच्या ध्यानात दोनच गोष्टी आहेत. काड्यापेटी कमरेच्या पिशवीत आहे आणि शेजारचा सातगोंडा चार वाजता येणार आहे. दुपारची भाकरी पोटात गेलीय, ऊन अजून डोक्यावर आहे, आणि विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या सावलीत घोंगडं टाकून ती आडवी झालीय. समोर ऊस तोडून नेलेलं शेत. वाळल्या पानांचं, म्हणजे पाचटाचं, गुडघाभर अंथरूण झालंय त्यात. आज ते पेटवायचं, म्हणजे उरलेल्या बुडख्यांतून खोडवा, म्हणजे उसाचं पुढचं पीक, फुटायला मोकळा. दर वर्षीचंच काम आहे, त्यात विचार तो काय करायचा?

पण विचार सुटत नाही. तीन वर्षं झाली, खोडवा विरळ फुटतोय आणि पाणी दिलं की जमीन आवळून येते. औंदाही तेच झालं तर शेत दुसऱ्याला कसायला देऊन टाकू, असं नवरा म्हणून बसलाय. महादेवीचा या शेतावर भारी जीव. मोटारीची घरघर लांब लांब जाते.

ती चुलीपुढं बसलीय. भाकरी थापतेय आणि भाकरी कडेनं फाटतेय. पुन्हा मळते, पुन्हा फाटते.

"विरी गेलीया त्याची," चुलीपलीकडून कोणीतरी म्हणतं.

बसलिंगमामा. तिचे सासरे. जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या समाजात गेलेल्या माणसाला अग्नी देत नाहीत; शेताच्या ईशान्य कोपऱ्यात मामांना मांडी घालून बसवलं आणि वर माती ओढली. आताही ते तसेच मांडी घालून बसलेत, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे. महादेवीला भीती कसली ती वाटत नाही. उलट इतका आनंद होतो, की पदर डोक्यावर घ्यायचंही राहून जातं.

"मामा, कवा आलासा?"

"मी कुटं गेलोय? आदी परातीत बघ."

परातीत पीठ नाहीच. शेतातली माती आहे, भुरभुरीत, पांढुरकी.

"जुन्या पिठागत झालीया," मामा म्हणतात. "चिकटच न्हाई. कशानं धरंल?"

"माती चांगली हाय आपली," महादेवी फणकारते. "तपासून घेतलीया. कागद हाय माझ्याकडं."

कागद काढायला ती वळते तर पुढ्यात टेबल. माती तपासतात ती तालुक्याची कचेरी. पंखा फिरतोय, आणि टेबलापलीकडे चष्मा लावून मामाच बसलेत. तिनं पाठवलेली मातीची पिशवी ते उघडतात, वास घेतात आणि हसायला लागतात. तेच जुनं हसणं, खांदे उडवत.

"ही कुटनं घेतलीस?"

"आपल्याच शेतातनं."

"शेतातल्या कुटल्या जागंवरनं?"

महादेवी चाचरते. कचेरीतल्या साहेबांनी बजावलं होतं, शेतभर फिरून आठ-दहा ठिकाणची माती घ्या, एकत्र करा, मग पिशवी भरा. पण त्या दिवशी ऊन काय, जमीन काय! खुरपं आत जाईना. कोपऱ्यात मात्र ते अलगद गेलं, आणि तिनं तिथंच बसून पिशवी भरून टाकली.

"तुमच्या समाधीजवळची हाय," ती पुटपुटते.

"म्हंजी माझ्या डोस्क्यावरची माती दिलीस व्हय गं तपासायला? आन् पास झालो म्हनून गावभर सांगत सुटलीस!"

महादेवीला लाज वाटते आणि हसूही आवरत नाही.

"ये, दावतो तुला," मामा म्हणतात.

टेबल नाही, पंखा नाही. दोघं जमिनीखाली बसलेत आणि आढ्याला मुळ्या लोंबतायत. उजेड कुठून येतोय देव जाणे. मामांच्या अंगाकडची माती काळी, ओलसर, भोकाभोकांची. एक गांडूळ त्यांच्या गुडघ्यावरून निवांत निघालंय.

"हितं कोन नांगर घालत न्हाई, काडी लावत न्हाई. वरनं पानं पडत्यात, कुजत्यात, ही गांडुळं खात्यात. आता तिकडं हात लाव."

शेताच्या बाजूला ती हात लावते. माती भाजल्या विटेसारखी. एक मुळी आत शिरलेली नाही.

"दर साल तुमी वर जाळ करतासा, मला हितं घाम फुटतोय."

"वा मामा! काड्यापेटी तर तुमच्याच हातात असायची."

मामा बोटानं माती उकरतात. मग हळूच म्हणतात, "व्हय. चाळीस वरसं मीच पेटवलं. वरनं जाळ कसा झ्याक दिसायचा. खालनं बघाय मिळालं न्हवतं."

महादेवीला एकदम त्यांची माया येते.

"मग मी काय करू, मामा?"

"बुडखं जमिनीबरोबर छाट. पाचट सरीत पसर, वर शेणकाला शिंपड आन् पानी सोड. बाकीचं ही करत्यात." मामा गांडुळाला बोटानं वाट करून देतात.

"लोक हसतील. शेत घाण ठेवलंय म्हणतील."

"हसू देत की. आन ती काड्यापेटी हिकडं."

ती देते. मामा पाठमोरे होऊन काहीतरी खुडबुड करतात आणि पेटी पुन्हा तिच्या हातात ठेवतात. सहा वर्षं मनात होतं ते ती आता विचारते.

"तुमाला बरं हाय न्हवं हितं?"

"मऊ हाय," मामा म्हणतात.

"वैनी! ओ वैनी! पेटवायचं न्हवं?"

ऊन कललंय. बांधावर सातगोंडा उभा आहे, पाण्याची बादली आणि ओलं पोतं घेऊन. महादेवी उठून बसते, कमरेची काड्यापेटी काढते. पेटी जड लागते. ती बोटानं सरकवते.

आत एकही काडी नाही. काळी ओली माती ठासून भरलीय, आणि उजेड लागताच एक बारकं गांडूळ वळवळत खाली घुसतं.

"अगं बाई," महादेवी म्हणते. कोपऱ्यातल्या समाधीकडे एकदा बघते. मग वारा लागेल एवढी फट ठेवून पेटी हलकेच मिटते.

"काड्या न्हाईत, सातू. कोयता घिऊन ये. बुडखं छाटायचं हाईत."

"आन् पाचट?"

"ऱ्हाऊ दे तसंच," महादेवी पदर खोचत म्हणते. "मामांना खाली उकडतंय."