माझ्या नंबरवरून दादाला गेलेले पाच मेसेज

पहिलीच गोष्ट सांगून ठेवतो. मी मोबाइल दुरुस्त करणारा माणूस आहे. करणी, बाहेरचं, सावट... असलं काही कोणी दुकानात बोलायला लागलं की मी सरळ म्हणतो, "भाऊ, फोन ठेवा अन् तोवर चहा पिऊन या." माझ्याकडे बिघाड येतो आणि बिघाडाला कारण असतं. पाणी गेलेलं असतं, बॅटरी फुगलेली असते, नाहीतर घरातल्याच कोणीतरी बोटं घातलेली असतात. बहुतेक वेळा तिसरंच. या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसत आलो, हेही कबूल करतो. आणि माणसांवर माझा विश्वास तसा कमीच. बायको म्हणते, "तुमी तं आपल्या सावलीलेही विचारान, का माह्या मागं मागं कायले येऊन राहिली म्हनून."

अड्याळच्या बाजारात माझा छोटा गाळा आहे. गाव तिथून चार किलोमीटर. दुकानासोबत दीड एकर धानाची शेती, ती वडिलांकडून आलेली. माझ्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, वरच्या अंगाला, आणि लागूनच खालच्या अंगाला माझ्या मोठ्या भावाच्या, दादाच्या. मध्ये एक धुरा – म्हणजे हातभर रुंदीचा मातीचा बांध. त्या धुऱ्यावरूनच आमचं फाटलं.

तीन वर्षांपूर्वी ऐन रोवणीत, धान लावायच्या दिवसांत, पावसाने दडी मारली. माझ्या बांधीत होतं-नव्हतं तेवढं पाणी जपून ठेवलेलं. एका सकाळी जाऊन पाहतो तर बांधी कोरडी, धुरा फुटलेला, आणि पाणी सगळं दादाच्या बांधीत! डोकंच फिरलं माझं. तसाच गावात आलो, ग्रामपंचायतीसमोर दादा चार लोकांत बसला होता, तिथंच त्याला धरलं. दादा म्हणाला, "मी नाई फोडला रे." आणि मी सगळ्यांसमोर बोललो – "याले लहानपनापासूनच सवय हाये पार फोडाची. गावाले माहीत नाई का?"

लोक हसले. कारण गावाला खरंच माहीत होतं. दादा दहा-बारा वर्षांचा असताना त्याने गावच्या बोडीची पार, म्हणजे छोट्या तळ्याचा बांध, फोडली, पाणी वाहून गेलं, खालचा धान पडला आणि बाबांनी त्याला सगळ्या गावादेखत बेशरमाच्या काडीने फोडून काढलं, ही गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. दादा उठला आणि गेला. त्या दिवसापासून बोलणं बंद. घरी येऊन मी मेसेजच्या ॲपवर त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला.

आता मूळ गोष्ट. यंदाच्या रोवणीचेच दिवस. गुरुवारी सकाळी मी बांधीत वाकलेला असताना खिशातला फोन चिखलात पडला. लगेच काढला, पुसला, वाळवला. फोन चालू होता, कॉल जात होते – फक्त मेसेजचं ते ॲप, जे आपण सगळेच वापरतो, ते उघडेना. बोट लावलं की क्षणभर उघडायचं आणि मिटायचं. मी दुकानात बसून सगळं केलं. कॅशे साफ केला, तारीख-वेळ तपासली, मेमरी मोकळी केली, अपडेट मारलं. शेवटी ॲप काढून पुन्हा टाकलं. आता नंबरची खात्री करायला ओटीपी हवा, तर तो येईना. दोनदा मागवला तर म्हणे आता सहा तासांनी प्रयत्न करा. सहा तासांनी मागवला तर पुन्हा तेच! गावातल्या निम्म्या लोकांचे ॲप मी पाच मिनिटांत सुरू करून देतो, आणि माझंच बंद. गिऱ्हाइकं हसायला लागली.

शुक्रवारी दुकानाला निघालो तर वाटेत समोरून दादा सायकलवर. एरवी तो मान वळवून निघून जातो, मीही. त्या दिवशी त्याने सायकल हळू केली आणि माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडल्यासारखं केलं... मी गाडी दामटली. मनात म्हटलं, याला काहीतरी हवंय.

शनिवारी संध्याकाळी घरी आलो तर ताटात धोप्याच्या पानाच्या वड्या. आमच्याकडे अळूला धोपा म्हणतात. आणि माझ्या बायकोला त्या वड्या येत नाहीत, वळतानाच सुटतात तिच्या.

"कोनं देल्ल्या?"

"वहिनीनं धाडल्या. डब्बा घेऊन स्वतः आल्ती."

"तीन वर्सांत नाई धाडल्या, आजच कायले? काहीतरी डाव हाये यात."

"डाव कसला हो डोंबलाचा! वड्या हायेत त्या. खाचं असन तं खा, नाई तं मी खातो."

मी हात लावला नाही. तिने सगळ्या खाल्ल्या, वर चवही सांगितली. मी मात्र विचार करत बसलो. वाटणीचा एखादा कागद निघाला असेल, माझी सही पाहिजे असेल... दुसरं काय?

रविवारी फोनचं नेटवर्कही गेलं. चिखलाचं पाणी आत राहिलं असणार, बोर्ड साफ करावा लागणार, हे कळून चुकलं. म्हणून सोमवारी, बाजाराच्या दिवशी, दुपारी गिऱ्हाईक जरा ओसरल्यावर मी माझा फोन उघडला. मागचं झाकण काढलं, सिम काढून डबीच्या झाकणात ठेवलं, बॅटरीची पट्टी सोडवली, स्क्रू चुंबकावर. बोर्ड हातात घेऊन ब्रशने घासत होतो, तेवढ्यात काउंटरसमोर सावली पडली. दादा उभा.

तीन वर्षांत तो या दुकानाची पायरी चढला नव्हता. तो स्टुलावर बसला, कंबरेवर हात ठेवून, हळूच. मग म्हणाला, "तुहे मेसेज भेटले."

"कोनते मेसेज?"

"आता कायले लाजतं? चार दिवसांपासून पाठवून राहिला. मी उत्तर देतो तं एकच टिक रायते. म्हनून म्हनलं, जाऊनच येतो."

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. पहिला विचार हाच आला की हा मला अडकवायला आलाय. म्हटलं, दाखव. त्याने फोन दिला.

नंबर माझा होता. नावापुढे माझाच फोटो. गुरुवारी दुपारी – "दादा, रोवना झाला का?" शुक्रवारी सकाळी – "कंबर कशी हाये? लय वाकू नको." शनिवारी – "वहिनीच्या हातच्या धोप्याच्या वड्या खाऊन तीन वर्सं झाली." आणि चौथा, रविवार संध्याकाळचा, लांब. तो मी जसा आठवतो तसा लिहितो.

"दादा, बोडीची पार तू नाई फोडली. मी फोडली. मासोळी धराले. तू मले शोधाले आला अन् लोकांनं तुले पकडलं. बाबा तुले मारून राहिले होते तवा मी तनसाच्या ढिगामागं बसलो होतो. माह्या खिशात मासोळी होती. ते जित्ती होती. मी हातानं दाबून धरली, का फडफड कोनाले आयकू जाऊ नये म्हनून."

हे खरं होतं. अक्षर अन् अक्षर. आणि हे मी जन्मात कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला ती जाईपर्यंत नाही, दारूच्या बैठकीत नाही. खिशातली ती मासोळी माझ्याशिवाय कोणालाच माहीत असणं शक्य नव्हतं. तीन वर्षांपूर्वी भर चौकात "याले सवय हाये" म्हणताना हे सगळं मला आठवत होतं, तरी मी बोललो होतो. लाज वाटते लिहायला, पण खरं ते खरं.

त्या क्षणी मात्र मला लाज वाटली नाही. भीती वाटली, आणि पाठोपाठ राग. कोणीतरी माझा नंबर दुसऱ्या फोनवर चालू केलाय! म्हणूनच ओटीपी येत नव्हता! मी दादाला तावातावाने सांगायला लागलो, "दादा, हे मी नाई पाठवलं. हे पाय, माहा फोन. बोर्ड माह्या हातात हाये, सिम त्या झाकनात हाये, बॅटरी सोडून ठेवली हाये. गुरुवारपासून ॲप बंद..."

आणि दादाच्या फोनवर टिंग वाजलं.

फोन तेव्हा माझ्याच हातात होता. माझ्याच नंबरवरून, माझ्याच डोळ्यांसमोर मेसेज आला. "मी समोरच बसलो हाओ. विचार आता."

मी टेबलावर पाहिलं. उघडा पडलेला फोन, झाकणात सिम. दादाने माझ्या हातातून त्याचा फोन काढून घेतला, वाचला, आणि माझ्याकडे पाहिलं. त्याला माझ्या खोललेल्या फोनचं काहीच नवल वाटलं नाही. वाटलंच असेल तर त्याने दाखवलं नाही.

"विचारू?"

"दादा, देवाची आन, मी हे पाठवलं नाई. कोनीतरी..."

"कोनं पाठवलं ते नाई विचारून राहिलो मी. खरं हाये का, ते विचारून राहिलो."

माझ्याकडे पुरावा होता, हे लक्षात घ्या. इतका पक्का पुरावा की कोणीही मान्य केला असता. फोनच चालू नाही तर मेसेज माझा कसा? नाही म्हणून मोकळा झालो असतो. शब्द ओठांवर होता. पण दादा त्या स्टुलावर कंबर धरून बसला होता आणि त्याचे डोळे... मला नाही जमलं.

"हो," म्हटलं. "मीच फोडली होती."

बाहेर भाजीवाल्यांचा गलका चालू होता. मग मीच बोलत सुटलो, कोणी न विचारता. सांगितलं की तीन वर्षांपूर्वीच्या त्या धुऱ्याचंही मला कळलं होतं. पुढच्याच पावसाळ्यात त्याच जागी खेकड्यांनी पोखरलेलं बीळ सापडलं, कोपरापर्यंत हात गेला आत. धुरा कोणी फोडलाच नव्हता. मी बीळ चिखलाने बुजवलं आणि गप्प राहिलो.

त्यावरही तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "मले मार बसला त्याचं काही नाई रे. पन बाबा मरेपावतर हेच समजत गेले, का मी फोडली. आता त्याहीले कोन सांगन?"

मी रडलो. बाजाराच्या दिवशी, दुकानात बसून, गिऱ्हाइकांनी पाहिलं तरी. दादाने खांद्यावर हात ठेवला नाही की काही नाही. उठताना फक्त म्हणाला, "फोन सुधरव अन् सायंकाळी घरी ये. वड्या तू खाल्ल्या नाईस म्हनते तुही वहिनी."

म्हणजे बायकोने तेही सांगून टाकलं होतं.

आता तपासाचं सांगतो, कारण मी तपास केल्याशिवाय सोडणारा नाही. त्याच रात्री सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकलं, ओटीपी एका दमात आला, ॲप सुरू झालं, जुना बॅकअपही परत आला. जोडलेली उपकरणं पाहिली. एकही नाही. ब्लॉक केलेल्यांच्या यादीत एकच नाव, दादाचं. ब्लॉक असलेल्या नंबरला मेसेज जातच नाही, हे मी लोकांना रोज समजावतो. आमच्या दोघांच्या चॅटमध्ये शेवटचा मेसेज तीन वर्षांपूर्वीचा, भांडणाच्या आदल्या दिवशीचा. बायकोवर संशय घेतला, तेही सांगतो. तिने हातातला झारा माझ्यापुढे नाचवला. "मले तं स्वतःच्या भावाले मेसेज कराले वेळ नाई, तुमच्याले कुठून करू? अन् मासोळीचं मले काय माहीत?" तेही बरोबरच.

मग वाटलं, दादानेच केलं असेल. पण मासोळी? तिथे येऊन सगळं थांबतं.

चार दिवसांनी दादाकडे फोन मागितला. म्हटलं, ते मेसेज एकदा नीट पाहू दे, स्क्रीनशॉट काढतो, कुठून आले ते शोधतो. तो म्हणाला, "मिटवले मी."

"मिटवले? काहून?"

"कायले ठेवू? तू तोंडानं बोलला नं."

म्हणजे आता पुरावा म्हणून काहीच नाही. तुम्ही विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही, मी तुमच्या जागी असतो तर ठेवला नसता. बोर्डमध्ये ओल होती, सर्व्हरचा काही घोळ असेल, कोणीतरी भारी डोकेबाज असेल... हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलंय. एकही पटत नाही. अजूनही एखादं गिऱ्हाईक "ॲप उघडून नाई राहिलं" म्हणत फोन पुढे करतं, तेव्हा तो हातात घ्यायला मी जरा वेळ लावतो. आणि दादाशी बोलणं सुरू झालंय याचा आनंद आहेच, पण रात्री पडल्यावर एक गोष्ट मला झोपू देत नाही. ते पाच मेसेज कोणी पाठवले ते मला माहीत नाही. पण मी पाठवले नसते, हे मला पक्कं माहीत आहे. दादा मेला असता तरी मी पाठवले नसते.