खिंडीच्या चढावरचा काटा

आमच्या आत्याला गाडीचा आवाज माणसाच्या चालीसारखा ओळखू येई. वळणापलीकडून कोण येतंय, त्याचा बेल्ट सैल झालाय की सायलेन्सर फुटलाय, हे ती हातातला पाना खाली न ठेवता सांगे. सातवीत तिची शाळा सुटली आणि वडिलांच्या गॅरेजातली शाळा सुरू झाली. वडील गेले, पाटी गंजली, पण गॅरेज तिनं चालतं ठेवलं. आसपासच्या तिन्ही गावांची वाहनं तिच्या हाताखालून गेलेली आणि तिन्ही गावं तिला आत्याच म्हणत. माझी मात्र ती सख्खी, हे मी चारचौघांत मुद्दाम सांगतो.

तिची एक रीत होती. गाडी पहिल्यांदा दारात आली की आत्या इंजिनाचं एक झाकण उघडायची आणि आतला थर्मोस्टॅट काढून टाकायची. थर्मोस्टॅट म्हणजे मुठीत मावेल एवढी झडप. इंजिन गार असतं तोवर ती मिटलेली राहते आणि पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर ऊब धरतं. पाणी पुरेसं तापलं की झडपेच्या पोटातलं मेण वितळून फुगतं, दांडी रेटतं, वाट उघडते आणि पाणी रेडिएटरात जाऊन गार होऊन येतं. एकदा अशी झडप मिटलेलीच अडकली आणि वडिलांच्या हातच्या ट्रकचं इंजिन तडकलं. तेव्हापासून वडिलांचा हुकूम होता, वाटेत अडसर ठेवायचाच नाही. जुन्या ट्रकांना ते पचून गेलं. आत्यानं हुकूम वीस वर्षं पाळला.

मग आरोग्य केंद्राला नवीकोरी ॲम्ब्युलन्स मिळाली. मोठा दवाखाना खिंडीपलीकडे, त्यामुळे अख्खं गाव तिला जपू लागलं. आत्यानं मोठ्या मायेनं तिचीही झडप काढली. आणि गाडी चढावर उकळू लागली. सपाटीवर शहाण्यासारखी धावायची, चढ लागला की तापमानाचा काटा लाल पट्ट्यात. ड्रायव्हर शीळ घालत गाडी हाकायचा म्हणून त्याला सगळे शिट्ट्या म्हणत, पण त्याचीही शीळ बंद झाली. तिसऱ्या वेळी एका बाळंतिणीला भर चढावर उतरवून भाजीच्या टेम्पोतून न्यावं लागलं. नशीब, आई-बाळ दोघं सुखरूप. पण जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातून कागद आला: गुरुवारी तिथले साहेब स्वतः बसून खिंड चढणार, गाडी उकळली तर ती दुसऱ्या केंद्राला जाणार.

आत्यानं रेडिएटर धुऊन घेतला, पाइप बदलले, पंप उघडून पाहिला. काही सापडेना. बुधवारी दुपारी नुसतं डोकं थंड करायचं म्हणून तिनं काढून ठेवलेली ती झडप घरी नेली, तारेला बांधली आणि चुलीवरच्या पातेल्यात सोडली. काका, म्हणजे तिचे यजमान, शिंपीकाम करत. ते म्हणाले, आता या पातेल्यात दूध तापलं तर ते मी पिणार नाही. आत्या हसलीही नाही. पाण्यातून वाफ वर येऊ लागली तशी झडप हळूहळू फाकू लागली, आत्याचं लक्ष त्या उघडणाऱ्या तोंडावर.

काका मात्र सुईत दोरा ओवणाऱ्या नजरेचे. पातेल्यात वाकून म्हणाले, "वरचं उघडतंय ते दिसलं. पण ही खालची चकती पुढे सरकते आहे, ती काय बंद करायला निघाली आहे?"

आत्या चुलीपुढून उठली ती अनवाणीच गॅरेजकडे पळाली. मी मागोमाग. तिनं झडपेच्या रिकाम्या जागेत बोट घातलं आणि बोट आणखी एका भोकात गेलं. रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनातच वळवणारी ती आडवाट. गाडी तापली की खालच्या चकतीनं हीच वाट बुजवायची असते. चकतीच नाही, म्हणून आडवाट कायम उघडी. तापलेलं पाणी बरंचसं आतल्या आत फिरत राहायचं. सपाटीवर तेवढ्यावर भागायचं, चढावर भागत नव्हतं. जुन्या ट्रकांना ही वाटच नव्हती.

"अगं बाई," आत्या म्हणाली, "हिला मीच उकळवत होते."

दिवस मावळायच्या आत झडप बसली, नवं पॅकिंग लागलं, पाणी भरून अडकलेली हवा काढली गेली.

गुरुवारी साहेब आले. गाडीत बसायच्या आधीच आत्यानं त्यांना सांगून टाकलं, "साहेब, दोष गाडीचा नाही, ड्रायव्हरचा नाही. माझ्या हातचा आहे. झडप मीच काढली होती; जुन्या गाड्यांना ते चालतं, नव्यांना नाही." साहेब पुढे बसले. मी आणि आत्या मागच्या बाकावर. चढ सुरू झाला. काटा वर सरकला, अर्ध्यावर आला. पहिलं वळण, दुसरं वळण. आत्याच्या बोटांनी माझं मनगट असं आवळलं की मला माझीच नाडी ऐकू आली. काटा अर्ध्यावर. इंजिन घुमतंय, डोंगर मागे सरकतोय, आणि काटा खिळ्यानं ठोकल्यासारखा अर्ध्यावर!

खिंडीत पोचलो तोच शिट्ट्याचा फोन वाजला. खाली खाणीत एकाच्या अंगावर दगड आला होता. शिट्ट्यानं आम्हा तिघांना तिथंच उतरवलं, साहेबांनाही, आणि गाडी वळवून गेला.

आम्ही वाऱ्यात उभे. साहेब घड्याळ बघत होते, आत्या रस्ता. अर्ध्या तासानं खालून सायरन आला. आत्यानं डोळे मिटले आणि कान टवकारले. आवाज एकेक वळण चढत होता, कुठंच अडखळत नव्हता. मग पांढरी गाडी वळणावरून वर आली, आत जखमी, सोबत नर्स, बॉनेटवर वाफेचा ठिपका नाही, आणि सायरनवर ताण करत शिट्ट्याची शीळ. गाडी आमच्या अंगावर धूळ उडवत पलीकडे उतरली.

साहेबांनी चष्म्यावरची धूळ पुसली. "गाडी इथंच राहील," ते म्हणाले. "पण आता आपण खाली जायचं कसं?"

"चालत," आत्या म्हणाली आणि पुढे निघालीसुद्धा. वीस वर्षांत जिथं जिथं झडप काढली होती त्या गाड्यांची नावं ती उतरताना मला मोठ्यानं सांगत होती, आणि साहेब धापा टाकत मागून विचारत होते, त्यातल्या नव्या कुठल्या?