मरळ भाजेपर्यंत

जोतीरामआण्णांना उघडून बघायची खोड जन्माची. लहानपणी भुईमूग पेरला की मोड आला का म्हणून उकरून बघायचे. बापाचा मार खाल्ला, पण खोड काही गेली नाही. फौजेत ड्रायव्हर झाले, तर धडधाकट गाडीचंही बॉनेट दिवसातनं चारदा वर. रंगूबाईंना बघायला गेले तेव्हा पोहे यायच्या आधीच हे गडी स्वयंपाकघराच्या दारात! "पाणी मिळंल का?" रंगूबाईंनी तांब्या पुढं केला आणि हसल्या. लग्न तिथंच ठरलं. बाकीची मंडळी उगाच नंतर पोहे खात बसली.

आण्णा रजेवर आले की रंगूबाई मरळ करायच्या. लसूण, तिखट, चिंचेचा कोळ माशाला चोळायचा, पसरट पातेल्यात ठेवून खाली मंद आच आणि झाकणावर निखारे. शेवटी वरून काकवी फासायची. मग मासा असा चकाकायचा की त्यात तोंड बघावं! पण काकवी फासली की नेमकी रंगूबाईंना आठवण व्हायची, "आवं, परड्यातनं जरा कोथिंबीर आणा की." आण्णा जायचे. थोड्या वेळानं आतून हाक, "आवं, या की." येऊन बघावं तर बशीत कोथिंबीर आधीच चिरलेली.

"लय इसराळू हायस बघ तू."

"व्हय, हायच मी."

रंगूबाई गेल्या आणि मरळही गेली. घरात परत कुणी केली नाही. पुढं लेकाचं, विश्वजीतचं, लग्न झालं. सून दीपमाला येताना ओव्हन घेऊन आली. त्याची ती वरची, तापून लाल झालेली कांडी बघून आण्णांना निखारे आठवले. ती चव एकदा तरी जिभेवर यावी, एवढंच त्यांच्या मनानं घेतलं.

एका रविवारी कोरेगावातनं मरळ आणली. मसाला आण्णांनी स्वतः चोळला. मासा शिजत आल्यावर काकवी फासली आणि ओव्हनपुढं पाट घेऊन बसले. काचेतनं दिसत होतं, तरी दार उघडायचं, माशाला बोट लावायचं, दार परत लावायचं.

शिरवळच्या कंपनीतनं सुट्टीला आलेला विश्वजीत म्हणाला, "आण्णा, ओव्हन हाय का टीव्ही?"

आतली धग निघून गेली, काकवी ओघळून ट्रेमध्ये गेली. मासा फिका, ओलागच्च. आण्णांनी एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं. "आसली नव्हती तिची."

पुढच्या रविवारी परत तेच मांडलं. काकवी लागली. आण्णांचा हात दाराकडं गेला, तशी दीपमाला म्हणाली, "आण्णा, परड्यातनं जरा कोथिंबीर आणता का?"

आण्णांनी ओट्याकडं बघितलं. बशीत कोथिंबीर चिरून ठेवलेली होती. दीपमालेनं जीभ चावली. "राग मानू नका. तुमी हितं असला की दार झाकून ऱ्हात न्हाई."

आण्णा बघतच राहिले. हिनं तर सासूला कधी बघितलंही नव्हतं. मग ते मोठ्यांदा हसले. "आरं तिच्या! इतकी वर्सं मला उल्लू बनवलं व्हय!" हसता हसता डोळे पुसत परड्यात गेले.

कोथिंबिरीच्या वाफ्याशी उकिडवे बसले. एकेक काडी खुडू लागले, उगाच सावकाश. आतनं काकवीचा खरपूस वास आला. तोच, पातेल्याचं झाकण निघताना यायचा तो.

"आण्णा, या आता," दीपमालेची हाक आली.

आण्णा म्हणून तर सगळं गाव हाक मारायचं. नुसतं 'आवं' म्हणणारं एकच माणूस होतं. आण्णा उठले नाहीत. मूठभर कोथिंबीर हातात घेऊन, मागच्या दाराकडं कान लावून बसून राहिले.

"आण्णा, गार हुईल!"

"आलो, आलो," ते म्हणाले, आणि आणखी एक काडी खुडली.