पेशीतला ताण

"भाचीनं ऐकीसन केळी सुकाडी टाकी ना, नाना!"

शेजारच्या शेतातले आबा बांधावरून मामांना म्हणाले. मी केळीआड लपले होते. लपायला मी नेमक्या त्याच दोन ओळी निवडल्या होत्या ज्यांची पानं लोळली होती, त्यामुळे आडोसा नावापुरताच होता.

इंग्रजी शाळा, मग भौतिकशास्त्र. सजीवांच्या आत भौतिकशास्त्र कसं चालतं हा माझा विषय. नातेवाइकांत मी त्यावर बोलत नाही. खरं तर नातेवाइकांत मी कशावरच बोलत नाही. पण पंधरा दिवसांपूर्वी मामांनी पाचोऱ्याहून मला धुळ्याला फोन केला आणि विचारलं, केळीच्या एवढ्या मोठ्या पानात हाड नाही, मग ते उभं राहतं कसं?

इतका चांगला प्रश्न मला तोंडी परीक्षेतही कोणी विचारला नव्हता. सांगायचं खूप होतं. पेशी पाणी ओढून घेते, फुगते, भिंतीला आतून रेटते. हवा भरल्यावर सायकलची ट्यूब टणक होते, तसं. पण त्या रेट्याला मराठीत काय म्हणतात ते आठवेना. घरात बीपीला आम्ही बीपीच म्हणतो. शेवटी लाजून सगळं एका वाक्यात उरकलं: "मामा, पेशींत ताण असला की पान ताठ राहतं." ताण आणि ताठ. मराठी जमली म्हणून दिवसभर खूश होते.

बागेला ताण देणं म्हणजे तिचं पाणी तोडणं. लिंबाला बहार धरायला मामा दरवर्षी ताण देतात. हे मी सोडून बठ्ठ्यांना ठाऊक.

मामांना शंका आली असणारच. केळीला कोणी ताण देतं का? पण भाची शिकलेली. मग त्यांनी बांधाजवळच्या दोनच ओळींचं ठिबक बंद केलं आणि मला कौतुकानं बघायला बोलावलं.

"तिना काय संबंध?" मामा आबांना म्हणाले. "रोपेज खराब व्हतात. आत्तेज फोन लावस रोपवाल्याले."

खिशातून मोबाइल निघाला. रोपवाल्याचा काही दोष नव्हता. मामांनाही ते कळत असावं, कारण बोलताना त्यांनी माझ्या दिशेला एकदाही पाहिलं नाही. गप्प बसण्यात माझा हात कोणी धरणार नाही. अजून मिनिटभर बसले असते तर सगळं माझ्याविना मिटलं असतं. मधलं कोवळं पान मात्र अजून हिरवं होतं; आत्ता पाणी मिळालं तर झाड वाचणार होतं.

मी उठले. गुडघे मातीनं भरलेले.

"हाई देखा," आबा हसले, "केळीमधून भाची उगनी!"

घरी आयुष्यभर ऐकलेली आणि कधीच न बोललेली भाषा तोंडात आली, तीही अर्धीच.

"मामा, फोन नका लावू. रोपं चांगली शेतस. चूक मनी शे. मला दाब म्हणायचं होतं. पाणी सोडा."