चुंबकाच्या बटणाचा कान

तर ती नर्सबाई टाचण्या टोचलेल्या कोटातच रस्त्यावर निघून गेली, इथवर काल सांगून झालं होतं. एक बाही शिवलेली, दुसरी नुसती टाचलेली, पाठभर खडूच्या रेघा. आमची सून दारापर्यंत मागे धावली. "अहो ताई, टाचण्या लागतील, निदान कोट तरी काढून द्या." पण बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. आणि हे सगळं कशामुळे, तर टीव्हीखालच्या एका पट्टीवर निळा दिवा लागला म्हणून.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून घेतो. सून म्हणजे माझ्या थोरल्याची बायको. बायकांचे कोट, झगे, कामावरचे गणवेश शिवते. आमची रस्त्याकडची खोली हेच तिचं दुकान. खिडकीशी मशीन, कोपऱ्यात माप घ्यायचा पडदा, भिंतीला टीव्ही, त्याच्यासमोर माझ्या धाकट्याची खाट आणि दाराशी माझी खुर्ची. माप घेताना सुनेच्या ओठांत टाचण्या असतात. त्यामुळे तिला बोलता येत नाही, आणि समोरचीला गप्प राहवत नाही. धाकटा तिला टाचणीवहिनी म्हणतो. अर्धं दुकान तिच्या हातावर चालतं, अर्धं तिच्या मिटल्या तोंडावर. बायका हात पसरून उभ्या राहतात आणि जे आईलाही सांगणार नाहीत ते तिला सांगतात. माझ्याकडे बघून म्हणतात, आजोबांना कुठे ऐकू येतं. मीही तो समज मोडलेला नाही. कशाला उगाच?

धाकटा पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. काय अक्षर होतं त्याचं, मोत्याचा दाणा. मग आजारपण आलं, आणि जाताना त्याच्या हातातली ताकद घेऊन गेलं. बोटं चमच्यावरही मिटत नाहीत. पुष्कळ दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. थोरला बस चालवतो. त्याने कुठूनसा चौकशी करून हा खेळाचा डबा आणला, बोलून चालवायचा. टीव्हीला जोडला, खाली ती कान असलेली पट्टी लावली, आणि आमचा धाकटा एका जहाजाचा कप्तान झाला. त्या जहाजावरचे खलाशी खरे, आपापल्या घरी बसलेले, कोण कुठला देव जाणे. इकडे सून कुणाची तरी कंबर मोजतेय आणि तिकडे खाटेवरून हुकूम सुटतोय, "शीड चढवा. डावीकडे घ्या. तोफ डागा." एक लठ्ठ गिऱ्हाईक तर दचकून म्हणाली, "माझ्यावर का हो?" पण पोरगं भिंतीकडून इकडे वळलं होतं. घरात कुणी तक्रार केली नाही.

डब्याच्या खोडी हळूहळू कळल्या. एकदा इंटरनेट बंद पडलं तर खेळ उघडेचना. खेळाची तबकडी आमची, डबा आमचा, वीज आमची, तरी तिकडून कुणीतरी हो म्हटल्याशिवाय जहाज बंदरातून हलायचं नाही. मी म्हटलं, ही तऱ्हा म्हणजे सायकल विकत घ्यायची आणि रोज टांग मारण्याआधी दुकानदाराला विचारायचं, बाबा रे, बसू का? धाकटा म्हणाला, "बाबा, तुम्ही सायकलवर बसताना सगळ्या गल्लीला विचारायला हवं होतं." बघा, पोराच्या जिभेला पुन्हा धार आली होती.

आणि दुसरी खोड ती ऐकण्याची. नर्सबाई मनातलं काहीतरी सांगत होत्या. काय ते मी सांगणार नाही. सांगितलं तर त्या पट्टीत आणि माझ्यात फरक काय राहिला? बोलता बोलता त्यांची नजर पडद्याच्या फटीतून पट्टीवर गेली. निळा दिवा लागलेला. धाकटा तर झोपलेला. त्यांनी विचारलं, "हे ऐकतंय का?" सुनेने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "दिवा लागलाय म्हणजे ऐकतंय." पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

धाकट्याला जाग आल्यावर कळलं. तो छताकडे बघत म्हणाला, "वहिनी, विकून टाक ते. तुझं दुकान मोडायला नको."

"भाऊजी, दुकान माझं आहे. मोडायचं की नाही ते मी बघेन."

"मग बंद तरी ठेव."

"आणि तुम्ही परत भिंत मोजत बसा. छान."

आता आमच्या घराची एक सवय सांगतो, म्हणजे पुढची चूक कळेल. शिंपिणीच्या घरात अडचण आली की तिला अभ्रा शिवतात. रेडिओला अभ्रा, गरम पाण्याच्या पिशवीला अभ्रा, माझ्या चष्म्याच्या घरालासुद्धा अभ्रा. तेव्हा सुनेने काय करावं? कोटाच्या खांद्यात घालायचं जाड अस्तर घेतलं, थरावर थर दिले, आणि त्या पट्टीला व डब्याला मिळून एक फर्मास टोपडं शिवलं. मला समोर बसवून म्हणाली, "बाबा, हळू आवाजात काहीतरी बोला." मी पुटपुटलो, "तोफ डागा." तोफ उडाली. टोपड्यातून सगळं ऐकू जात होतं. वर डबा आतल्या आत इतका तापला की भर लढाईत बंद पडला आणि कप्तानाचं जहाज बुडालं. धाकटा म्हणाला, "वहिनी, शत्रूला जमलं नाही ते तुझ्या अस्तराने केलं." सून हसली नाही. टोपडं उसवायला बसली.

उसवता उसवता तिने विचारलं, "याला गप्प राहा म्हणता येतं ना?"

"येतं की. झोप म्हटलं की झोपतो. ऊठ म्हटलं की उठतो."

तिचा हात थांबला. "ऊठ म्हटलेलं त्याला कसं ऐकू येतं?"

धाकट्याने मान वळवून पट्टीकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"म्हणजे तो झोपलेला नसतोच," ती म्हणाली. "डोळे मिटून पडलेला असतो, आपल्या बाबांसारखा."

माझ्यावर घसरायचं काही कारण नव्हतं, पण मुद्दा मला पटला. साक्षात ऐकणाऱ्यालाच सांगायचं की तू ऐकू नकोस, आणि त्याने हो म्हटलं की निर्धास्त व्हायचं. हा कुठला न्याय?

ती तडक कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे गेली. तो भला माणूस. त्याने सांगितलं, पट्टी काढून ठेवा, तिच्याऐवजी कॉलरला लावायचा बारका माइक जोडला तरी खेळ चालेल. त्याची तार मध्येच तोडून बटण बसवतो. बटण दाबलं तर आवाज जाईल, नाहीतर तारच तुटलेली. तुटलेल्या तारेतून कोण काय ऐकणार? सगळं खरं, पण बटण दाबायला बोटं लागतात, आणि आमच्याकडे नेमकी तीच नाहीत. मोबाईलवाल्याने हात टेकले. सूनही रिकाम्या हाताने परत आली.

बघा हं, इथे मला तिचं कौतुक आवरत नाही. दुसऱ्या दिवशी ती एका गिऱ्हाइकाच्या पर्सचा बंद दुरुस्त करत होती. चुंबकाचं बटण असतं ना, दोन चकत्या जवळ आल्या की आपोआप चिकटतात, ते. ती चकत्या जुळवत राहिली, सोडवत राहिली. टक. टक. मग सुई खाली ठेवून धाकट्याला म्हणाली, "भाऊजी, मान मागे टेकवा. आता उचला. परत टेकवा."

"माझं माप घेतेस?"

"हो. गप्प राहा, हलू नका."

मानेखालच्या उशीत तिने एक चकती शिवली, त्याच्या सदऱ्याच्या कॉलरीला मागून दुसरी. तारेची तुटलेली टोकं मोबाईलवाल्याने चकत्यांना डाख देऊन जोडली. मान उशीवर टेकली की टक, तार जुळली, कप्तान बोलायला मोकळा. मान उचलली की तार तुटली, डबा ठार बहिरा. झोपताना किंवा माप चालू असताना ती उशी काढून साधी द्यायची. आणि ती निळ्या दिव्याची पट्टी खिडकीत, सगळ्यांना दिसेल अशी, सुटी ठेवून दिली. धाकट्याने पहिल्यांदा स्वतः मान टेकवली, उचलली, टेकवली. म्हणाला, "कान माझ्या मानेत आला की गं." कितीतरी दिवसांनी घरातली एखादी गोष्ट चालू-बंद करणं त्याच्या हातात, म्हणजे मानेत, होतं. आता दारात गिऱ्हाईक दिसलं की तो आपणहून मान उचलतो आणि खलाशांना आधीच सांगून ठेवतो, कप्तान जेवायला गेलाय.

राहता राहिल्या नर्सबाई. तिथे आमचा थोरला म्हणाला, "जा आणि सांग, ते काही ऐकत नव्हतं, नुसता दिवा होता. संपलं." मलाही ते सोपं वाटलं. सून एकटीच त्यांच्या घरी गेली. काय बोलली ते मला बाईंनीच नंतर सांगितलं, ऐकू येतं हे माझं गुपित फुटल्यावर. सून म्हणाली, "ताई, ते ऐकत होतं. किती ऐकलं ते मला ठाऊक नाही. साठवलेलं पुसा असं मी डब्याच्या कंपनीला कळवलं, पुसलं असं त्यांचं उत्तर आलं. मला ते दिसत नाही, म्हणून खात्री देत नाही. यापुढे माझ्या खोलीत ते ऐकणार नाही, ते मात्र डोळ्यांनी येऊन बघा. चूक माझी, मी आधी सांगायला हवं होतं." बाईंनी दार लावून घेतलं.

बरेच दिवस त्या आल्या नाहीत. आणखी दोघी-तिघींनीही पाठ फिरवली, बातमी पसरली होती. थोरला चिडचिड करायचा. सून मशीन चालवत राहायची. मग एका सकाळी नर्सबाई दारात. हातात तो कोट, टाचण्यांसकट. आधी खिडकीतली पट्टी बघितली, मग धाकट्याला मान वरखाली करायला लावली, टक टक ऐकलं, आणि पडद्याआड जाऊन हात पसरून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने आतून बारीक बोलण्याचा आवाज आला. मी वर्तमानपत्र घेऊन ओट्यावर जाऊन बसलो. मी ऐकलं नाही, शपथ.

बाई गेल्यावर आत आलो, खाटेच्या कडेला टेकलो आणि सुनेला म्हटलं, "पोरी, एक थाप मारली असतीस तर ही बाई दुसऱ्याच दिवशी आली असती, बाकीच्याही गेल्या नसत्या. धंदा बुडाला असता म्हणजे?"

तिने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि म्हणाली, "बाबा, ती अंगावरचे कपडे उतरवून माझ्यापुढे उभी राहते, तिला मी काय थाप मारू? आता जरा सरका, माझी कात्री तुमच्याखाली आहे."