एक्केचाळीस कॅसेटांची ट्रंक

चोरीची तक्रार द्यायला येणारा माणूस बहुधा चिडलेला असतो, निदान घाबरलेला तरी. ती बाई मात्र ओशाळून उभी होती, जणू चोरी तिनेच केली होती. नोकरी संपून मला बरीच वर्षं झाली, पण तिचा तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

२०१६ चा उन्हाळा. तलासरी भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. नावं कोणाचीच देणार नाही; तिकडच्या लोकांना ती सांगायची गरजही नाही.

"साहेब, घरातली ट्रंक गेली," ती म्हणाली. "दागिने, पैसे काय नव्हतं तिच्यात. यांच्या कॅसेटी होत्या."

डहाणूच्या किनाऱ्यापासून गुजरातच्या हद्दीपर्यंत तिच्या नवऱ्याला ओळखत नाही असा माणूस सापडला नसता. हळद असो, पूजा असो, क्रिकेटची टूर्नामेंट असो, स्टेजवर तोच गायक. तारपा या आदिवासी फुंकवाद्याची चाल कीबोर्डवर घ्यायचा, एकाच गाण्यात मराठी, गुजराती आणि पाड्यावरची बोली फिरवायचा आणि नव्वदीच्या म्हातारीलाही नाचायला उठवायचा. बाजारात त्याच्या दोन-तीन सीडी होत्या, पण त्या अगदीच मिळमिळीत. खरा तो स्टेजवरचा. या तक्रारीच्या दीड वर्ष आधी काविळीने गेला.

त्याच्या प्रत्येक मोठ्या कार्यक्रमाचा आवाज थेट मिक्सरवरून कॅसेटवर उतरवून घेतलेला होता. अशा एक्केचाळीस कॅसेटा त्या ट्रंकेत होत्या आणि दुसरी प्रत कुठेही नव्हती. अकरा दिवसांवर मुलीची हळद होती. "तुझ्या हळदीला मीच गाणार," असं त्याने मुलीला लहानपणापासून सांगून ठेवलेलं. आता मुलगी हटून बसली होती, बाबांचा आवाज नसेल तर मांडवात काहीच वाजवायचं नाही.

घरी जाऊन पाहिलं. कडी-कोयंडा शाबूत. ट्रंकेच्या खोलीची किल्ली देवाच्या फोटोमागे असायची, ती जागच्या जागी होती. म्हणजे घर जाणणाऱ्याचं काम.

"कोणावर संशय, ताई?"

"नाही," ती लगेच म्हणाली.

ज्याला खरोखर संशय नसतो तो जरा विचार करून नाही म्हणतो. ज्याला असतो त्याचं उत्तर तयार असतं. मी गुन्हा दाखल न करता तक्रार अर्ज घेतला आणि चौकशी लावली. हे नियमात कितपत बसत होतं, ते मला आता विचारू नका.

कॅसेटांमध्ये कोणकोणते कार्यक्रम होते ते समजायला हवं होतं. बाईला धड आठवेना. आमचे ठाणे अंमलदार हवालदार तिथल्याच एका पाड्यावरचे. तरुणपणी त्या गायकाचा एकही कार्यक्रम त्यांनी सोडला नव्हता. ते उठले आणि कपाटातून एक जाडजूड फाईल आणून माझ्यासमोर आपटली.

"लाउडस्पीकरच्या परवानगीची फाईल, सर. आपल्याला विचारल्याशिवाय तो कुठे गायलाय? हद्दीबाहेर गायला तरी अर्जाची एक प्रत इथे द्यायचा."

पानं उलटत बसलो. झरीची वरात, घोलवडची पूजा, डहाणूला कोळीवाड्यातली हळद, अमुक पाड्यावरचा नवरात्रीचा मांडव. तारीख, जागा, वेळ, पेट्या किती, भोंगे किती. आमच्या ठाण्याने नकळत त्या माणसाचं सगळं चरित्र जपून ठेवलं होतं. हवालदार प्रत्येक अर्जावर बोट ठेवून सांगत होते, इथे पाऊस आला तरी कोणी हललं नाही, इथे नवरदेवाच्या आजोबांनी स्टेजवर चढून फेटा उडवला. दोन चहा झाले, पण चौकशी काही पुढे सरकली नाही.

मग एक गोष्ट नजरेत भरली. सगळे अर्ज एकाच माणसाने लिहिले होते, सरळ, टपोऱ्या अक्षरात. शेवटच्या हंगामाचे मात्र दुसऱ्या हातचे, गिचमिड.

"हे अक्षर कोणाचं?"

"मिक्सरवाल्या काकांचं," हवालदार म्हणाले. "कॅसेटीपण त्यांनीच भरल्या. वीस वर्षं बरोबर होते. मग एका हळदीत स्पीकर शिटी मारायला लागला, तर हा गाणारा माइकवरच बोलला, 'आमच्या मिक्सरवाल्याच्या कानात चिकू भरलेत!' सगळा मांडव हसला. काकांनी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि चालायला लागले. परत आले नाहीत."

"आता कुठे असतात?"

ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बाईला विचारलं, तर तिने मान खाली घातली.

चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी दुपारी हवालदार घाईघाईने आत आले. गुजरात हद्दीजवळच्या अच्छाडच्या एका ढाब्यावर त्या गायकाचं कधी न ऐकलेलं गाणं वाजतंय, असं एका ट्रकवाल्याने त्यांना सांगितलं होतं. आम्ही जीप काढली.

ढाबेवाल्याने खुर्ची पुसली. "बेसो ने साहेब, चाय पिओ. मस्त गातो ने?"

मी ऐकत होतो. आवाज अगदी जवळचा, स्वच्छ, आणि गर्दीचा गलका लांबवर. हवालदार कुजबुजले, "मिक्सरवरून घेतलेलं आहे, सर. ट्रंकेतलंच." इतक्यात गाणं मधेच थांबलं आणि गायक बोलायला लागला, "अरे वाट द्या, वाट द्या, साहेब आले! साहेबांचा चेहरा नका बघू, घाबराल. बूट बघा, बूट! बूट ताल धरतोय!"

ढाबेवाला खदखदून हसला. मी हसलो नाही, कारण तो साहेब मीच होतो.

झरीच्या रस्त्यावर भर दुपारी वरातीने एसटी अडवली होती आणि मी रस्ता मोकळा करायला गेलो होतो. चेहऱ्यावर सगळा दरारा, आणि पायातला बूट खरोखरच ठेका धरत होता. चारशे माणसं हसली. मला ते लागलं. पुढच्या वेळी तो परवानगीला आला तेव्हा मी त्याला सगळ्यांदेखत बाकड्यावर दोन तास ताटकळत ठेवलं. मधे मधे आलेल्या माणसांची कामं केली, त्याचं केलं नाही. तो शांत बसून राहिला, हवालदारांनी दिलेला चहा प्याला आणि जाताना एवढंच म्हणाला, "चहा फक्कड होता, साहेब." पुढे कित्येकदा भेट झाली. मी त्या दोन तासांबद्दल कधी बोललो नाही आणि तो निघून गेला.

ढाबेवाल्याने मेमरी कार्ड तलासरी नाक्यावरच्या मोबाइलच्या दुकानात भरून घेतलं होतं. दुकानदार खाकी बघून आधी त-त-प-प करायला लागला, मग बोलला. "एक काका आलते, साहेब. टेप तुटलीवती. म्हणाले, जोडून दे आणि माझ्या मोबाइलमध्ये टाक. गाणं आवडलं म्हणून मी पण ठेवून घेतलं. काकांच्या हाताला नुसता चिकूचा चीक, माझी काच खराब केली. आणि साहेब, गाणं मस्तीचं, अन काका रडत होते."

हाताला चीक, म्हणजे चिकूची तोडणी किंवा पॅकिंग. चिकूच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध घोलवडच्या तिसऱ्याच वाडीत ते काका सापडले, शेडमध्ये खोक्यांत पेपर अंथरत. आम्हाला पाहिल्यावर हात पुसून उठले आणि न विचारता आपल्या खोलीकडे चालायला लागले. खाटेखाली ट्रंक होती. दमट हवेने बुरशी धरू नये म्हणून कॅसेटांमध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घातलेला. दोन पंचांसमक्ष ट्रंक ताब्यात घेतली आणि ओळख पटवायला बाईंना ठाण्यात बोलावलं.

काकांना मी नाना तऱ्हांनी विचारलं. विकायची होती का? कोणी सांगितलं होतं? ते नुसते हात जोडून बसले होते. मी सराईतांना बोलतं केलेला माणूस, पण त्यांच्यापुढे माझी मात्रा चालेना. शेवटी उगाच एकेक कॅसेट काढून टेबलावर मांडायला लागलो. जवळजवळ प्रत्येकीवर त्याच टपोऱ्या अक्षरात गावाचं नाव आणि कोपऱ्यात पेन्सिलीची नवी खूण. चाळीस कॅसेटांवर खूण होती. एकीवर नव्हती, आणि तिच्यावरचं अक्षर गिचमिड होतं.

"ही नाही ऐकलीत?"

त्यांचे डोळे भरून आले. "ती माझ्या नंतर भरलेली एकच हाय, साहेब. त्याच्या शेवटच्या कार्यक्रमाची." कॅसेट हातात घेऊन म्हणाले, "कार्यक्रम संपताना तो सगळ्यांची नावं घ्यायचा. ढोलकीवर अमका, कीबोर्डवर तमका, आणि शेवटी माझं. वीस वर्षं घेतलं. तेवढं ऐकायलाच ट्रंक नेली. पण हिच्यात घेतलंय का नाय, का परत हसलाय मला... धीर होत नाय."

हवालदारांनी मला न विचारताच आपला जुना टेपरेकॉर्डर आणला. कॅसेट शेवटाकडे नेली. बाई दारात येऊन उभ्या होत्या.

गाणं संपलं. टाळ्या विरळ होत्या. नावं घ्यायच्या वेळेपर्यंत निम्मा मांडव पंगतीला पळालेला असतो. दमलेल्या आवाजात त्याने ढोलकीवाल्याचं नाव घेतलं, कीबोर्डवाल्याचं घेतलं. मग काकांचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आणि पुढे म्हणाला, "तो आज इथे नाही. मी त्याला माइकवर बोललो होतो, म्हणून माइकवरच सांगतो. मी चुकलो. कान त्याचेच चांगले, मलाच अक्कल कमी. कोणाला भेटला तर सांगा, परत ये म्हणावं."

पंगतीतल्या कोणी हे ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं असेल तर सांगितलं नव्हतं. काका टेबलावर डोकं टेकून मोठ्याने रडले. आम्ही कोणीच त्यांना थांबवलं नाही.

बऱ्याच वेळाने बाई पुढे आल्या. "भावजी, तुम्हीच नेली हे मला पहिल्या दिवशी कळलंवतं. मागितली असती तर दिली नसती काय?"

"कोणत्या तोंडाने मागू, वहिनी? मी त्याच्या दिवसांना पण नाय आलो."

बाईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या. "साहेब, मी माझा अर्ज मागे घेते." मग पुन्हा काकांकडे बघून म्हणाल्या, "रविवारी पोरीची हळद आहे. मिक्सरवर दुसरं कोण बसणार?"

जबाब घेतला, अर्ज निकाली काढला, ट्रंक पोच घेऊन परत केली. रविवारी साध्या कपड्यांत हळदीला गेलो. काका कानावर हेडफोन लावून मिक्सरमागे बसले होते, आणि पिवळ्या झालेल्या हातांनी नवरी टाळ्या वाजवत होती. झरीची कॅसेट लागली, माझ्या बुटाचं वाक्य आलं आणि सगळा मांडव माझ्या पायांकडे बघून हसला. या वेळी मीही हसलो. शेवटी पोरीनेच सांगून ती शेवटची कॅसेट लावायला लावली. त्या दिवशी मात्र जेवायला कोणी उठलं नाही.

गुन्ह्याचा हेतू शोधताना आम्ही पैसा बघतो, जमीन बघतो, जुनं वैर बघतो. आपलं नाव ऐकायला कोणी ट्रंक पळवील हे मला कोणत्याच प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. पण या प्रकरणात मी खरा शिकलो ते त्या गायकाकडून. चारचौघांत दुखावलं तर माफी एकांतात मागून भागत नाही, जिथे बोललो तिथेच ते परत घ्यावं लागतं. तो आपले शब्द परत घेऊन गेला. माझं राहिलं होतं.

म्हणून हे चारचौघांत लिहिलं, आणि आता त्यालाच सांगतो. परवानगीच्या अर्जासाठी मी तुला सगळ्यांदेखत दोन तास बसवून ठेवलं, ते चुकलं माझं. आणि बूट ताल धरत होता, हेही खरं.