पडद्यावरची आई

"ही बाई काढा आधी. सगळं चित्र मळतंय."

सर माझ्या खुर्चीमागे उभे. बोट कॉम्प्युटरच्या पडद्यावर. तिथं नळाशी हिरव्या पातळातली एक बाई मी टाकली होती. माझी आई.

नारायण पेठेतलं आर्किटेक्टचं ऑफिस. खडकीला नदीकाठी बाग करायची होती. आयटीवाले येणार, त्यांना चकाचक पुणं हवं! मी सगळा परिसर कॉम्प्युटरवर उभा करायचा. समितीच्या साहेबांनी पडद्यावरच तिथं फिरून यायचं आणि योजना पास की नापास ते ठरवायचं. बागेच्या जागी आमची वस्ती होती. आमचं घर, आमचं बुद्धविहार.

चित्रात टाकायला माणसं सीडीवर तयार मिळायची. सगळी गोरी, टायवाली, हातात कुत्र्याचा पट्टा. खडकीत! म्हणून मी वस्तीतल्या माणसांचे फोटो काढले आणि ते चित्रात घातले.

मी म्हटलं, "सर, आत्ता तिथं काय आहे तेही दाखवायला हवं ना?"

"अहो, सौंदर्यीकरण आहे हे, शिरगणती नव्हे. गवत दाखवा."

"ती माझी आई आहे सर."

सर हसले. "तरीच! पडद्यावर राखीव जागा नसतात हो."

अख्खं ऑफिस हसलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. सरांनी माझ्या खांद्यावरून हात घातला आणि स्वतःच बटण दाबलं. आई गेली. मग नळ. मग विहार. वर हिरवंगार गवत.

समितीपुढं माउस माझ्याच हातात होता. एका साहेबांनी विचारलं, "इथं आत्ता काय आहे?"

"काही नाही. पडीक जमीन," सर म्हणाले.

पडीक? माझा जन्म तिथला. मी माझी पहिली फाइल उघडली. नळ आला. विहार आलं. आई आली.

"पडीक नाही साहेब. मी इथं राहते."

सर दातओठ खात पुटपुटले, "उद्यापासून येऊ नका."

"नाहीच येणार."

समितीनं निर्णय पुढं ढकलला. रद्द नाही झाला. वस्तीवर टांगती तलवार आजही आहे. पण हे काम मी सोडलेलं नाही. दुसरीकडं करते, आणि कुठल्याही चित्रात आधी तिथली माणसं उभी करते. आमची घरं पाडायचीत ना? मग आमच्याकडं बघून पाडा. नुसत्या गवतावर सही मी कुणालाही करू देणार नाही.